गुटी उघडून बघायची नाही

१

शिंपीमास्तर सकाळी उठले की चहा टाकत आणि कप घेऊन मागच्या दारी अंजिराला भेटायला जात. पाणी घालायला नव्हे, भेटायला. पाणी घालायचं तर आधी बोटभर माती उकरून बघायची, आत ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही, असा बायकोचा नियम होता. "अंजिराला डोक्यावर ऊन लागतं आणि पायाशी कोरडं," ती म्हणायची. "तुमच्यासारखं नाही ते, उठल्यापासून सारखं काहीतरी घशाखाली हवं." हे ती त्यांच्या तिसऱ्या कपाकडे बघत म्हणायची.

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या उन्हाळ्यात, अंजिरं पिकायच्या तोंडावर असताना तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ती परत आली नाही. नियम तेवढे मागे राहिले. अंजीर तोडून पिकत नाही, ते झाडावरच पिकू द्यायचं. फळाने मान टाकली, देठाशी वाकलं, की मगच हात लावायचा. छाटणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, कारण चीक अंगाला लागला की खाजवून जीव नकोसा होतो. मास्तर हे सगळं निमूट पाळत. जन्मभर ज्या बाईचं धड एक ऐकलं नाही, तिचं आता सगळं ऐकायचं असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

झाड स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं. भिंत दिवसभर तापायची आणि ती ऊब झाडाला मिळायची, म्हणून तिने हीच जागा निवडली होती. खड्ड्याच्या कडेने विटा उभ्या लावल्या होत्या. "नाहीतर मुळं पाण्याच्या वासाने मोरीत शिरतील, आणि एक दिवस तुमच्याआधी आंघोळीला बसलेली असतील."

पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान असायचं. दुकान मिटलं, पण मशीन खिडकीशी होतं, आणि त्यावर हल्ली एकच काम चालायचं: पाखरांनी अंजिरं फोडू नयेत म्हणून फळांना घालायच्या पातळ कापडाच्या पिशव्या शिवायच्या. पिशव्या मास्तरांनी शिवायच्या आणि नाड्या तिने बांधायच्या, अशी वाटणी होती. ती डावरी होती. तिची गाठ उलट्या अंगाने पडायची. "शिंप्याच्या घरात उलटी गाठ! गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं मास्तर चिडवायचे, आणि स्वतःच शोध शोध शोधून त्यांनी तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री आणली होती. ती अजून ड्रॉवरमध्ये होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती कापड कापत नसे, नुसती चावत असे.

ती त्यांना शेवटपर्यंत "मास्तर"च म्हणाली. कारण ती आधी गिऱ्हाईक म्हणून आली होती, आणि मास्तरांनी तिचा झगा दोनदा मुद्दाम बिघडवला होता, तिला पुन्हा माप द्यायला यावं लागेल म्हणून.

२

"बाबा, आता पुरे," लेक म्हणाली. "तू माझ्याकडे चल."

लेकीला घरात ठकी म्हणत, ती चाळिशीला आली तरी. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हिवाळ्यात मास्तर मोरीत घसरून पडले होते, आणि शेजारच्या नर्सबाईंना त्यांची हाक ऐकू जाईपर्यंत गार फरशीवर पडून राहिले होते. तेव्हापासून ठकीला झोप नव्हती. फोन दोन वेळा वाजून उचलला नाही तर तिकडे तिच्या छातीत धडधडायला लागे.

"आणि झाड?" मास्तर म्हणाले.

"झाडाची एक गुटी बांध. आईने निम्म्या गल्लीला गुट्या वाटल्या, आपण एक न्यायला काय झालं? माझ्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं. भिंतीला लागून मोठी कुंडी ठेवू."

गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायला लावायची. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी निवडायची, सालीची एक अंगठी सोलून काढायची, त्या उघड्या जागेभोवती पिळलेलं ओलं शेवाळ गच्च बसवायचं, वर प्लास्टिक, त्यावर कापड, आणि दोन्ही टोकांना गाठ. मग फांदीला वाटतं, आपलं खालचं सगळं तुटलं, आता आपलं आपणच बघायला हवं. महिना-दीड महिन्यात ती अधांतरीच मुळं सोडते. मग खालून कापायची आणि नव्या जागी लावायची.

ह्या कामाचे बायकोचे दोन नियम होते. पहिला: खड्डा आधी, गुटी मग. "पाहुण्याला बोलवायचं आणि मग गादी शोधायची, असं करू नये." दुसरा: गुटी उघडून बघायची नाही. "मुळं लाजरी असतात. बघितलं की मेलीच."

हा दुसरा नियम मास्तरांना कधी जमला नाही. ती पाठमोरी झाली की हे कापडाची कड उचलून डोकावलेच म्हणून समजा. किती गुट्या त्यांच्या डोळ्यांनी वाळल्या असतील! "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती म्हणायची, आणि पुन्हा नवी बांधायला घ्यायची.

"बरं," मास्तर लेकीला म्हणाले. "गुटी तयार झाली की येतो."

"शब्द?"

"शब्द."

शब्द दिला खरा, पण झाड हा बहाणा होता. बायको ह्या घरात अजून होती असं मास्तरांना वाटायचं. मागच्या पायरीवर, भांड्यांच्या मांडणीत, दाराच्या कडीला गुंडाळलेल्या सुतळीत ती होती. आपण लेकीकडे पाचव्या मजल्यावर जाऊन बसायचं आणि तिला इथे एकटीला टाकायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. लेकीला हे सांगता येत नव्हतं. ती रडली असती, आणि मग तिच्यासाठी म्हणून मास्तर लगेच निघाले असते.

३

मास्तरांनी गुटी बांधली. गाठ अशी सुबक मारली की कोटाला शोभावी. चार-आठ दिवस कशीबशी कळ काढली आणि मग कड उचलून बघितलं. आत काही नव्हतं. पुन्हा बघितलं. शेवाळ कोरडं पडलं आणि सोललेली जागा काळी झाली.

त्यांनी दुसरी बांधली. तिचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच्या हातावर चापट मारली, पण तोवर उशीर झाला होता. एका परीने त्यांना बरंही वाटलं. गुटी होत नाही म्हटल्यावर जायचं कसं?

मग एका सकाळी कप घेऊन ते मागे गेले, तर भिंतीकडच्या खालच्या फांदीवर एक गुटी होती.

मास्तर तिच्याकडे बघत उभे राहिले. पहिला विचार आला तो साधाच: आपणच बांधली आणि विसरलो. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता, तिथे गुटीचं काय. फांदी नेमकी निवडलेली होती, ना कोवळी ना जून. कापड निळं होतं, त्यावर बारीक पांढरी फुलं. वरची गाठ आवळलेली, खालची जराशी सैल, पाणी निथळावं म्हणून.

त्यांनी वाकून गाठ बघितली, आणि चहा हातातच निवला.

शिंप्याला गाठ ओळखायला शिकवावी लागत नाही. बांधणाऱ्याचा हात गाठीत राहतो. ही गाठ उलट्या अंगाने पडलेली होती.

४

कपाटात तिचा बागेतला झगा होता. निळा, पांढऱ्या फुलांचा, मास्तरांनीच शिवलेला, दोन मोठे खिसे असलेला, कारण ती खिशात सुतळीपासून बिस्किटांपर्यंत काय काय कोंबायची. ठकीने आईचे बाकीचे कपडे देऊन टाकले, पण हा मास्तरांनी मागे ठेवून घेतला होता.

त्यांनी तो पलंगावर पसरला. खालून एक पट्टी गेलेली होती. कात्रीने कापलेली नव्हती, धाग्याच्या रेषेत सरळ फाडलेली होती, जशी ती फाडायची, दातांनी सुरुवात करून. मास्तरांनी हाताने घातलेली तुरपाई तेवढी पट्टीबरोबर गेली होती.

"मीच फाडली असेल," ते मोठ्याने म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा हे ऐकायलाही कुणी नव्हतं, पण मोठ्याने म्हटलेलं जरा खरं वाटतं.

मग ते टेबलाशी बसले, मशीनच्या खोक्यातून एक नाडी काढली आणि डाव्या हाताने गाठ मारायला लागले. दहा प्रकारच्या गाठी झोपेत मारणारा माणूस, पण बोटं एकमेकांत अडकून बसली. एकदा उजव्यानेच उलटी मारून बघितली, तर ती दिसायला तशी झाली आणि ओढल्यावर सुटली. फांदीवरची सुटत नव्हती. ते पुन्हा जाऊन ओढून आले होते.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, लग्न ठरल्याच्या दिवशी वाटला होता तसला, आतल्या आत ठेवून द्यावा असा. त्या आनंदाचीच मग त्यांना थोडी भीती वाटली.

त्यांनी ती गुटी उघडून बघितली नाही. कधी नव्हे ते.

५

त्या उन्हाळ्यात दुपारी गल्ली अगदी चिडीचूप असायची. मास्तर पुढच्या खोलीत मशीनशेजारच्या खाटेवर पडत. खिडकीला ओला टॉवेल लावलेला असे आणि उजेड हिरवट होऊन आत येई. एका दुपारी त्यांना झोप लागत होती आणि लागत नव्हती, तेव्हा मागच्या अंगणातून आवाज आला.

आधी बादलीत पाणी पडण्याचा, बारीक धारेचा. धार थांबली, पुन्हा पडली. नळ असा वाहत नाही. भिजवलेलं काहीतरी मुठीत धरून पिळलं की अशी धार पडते. मग खरवडल्याचा आवाज, सावकाश, थांबून थांबून. साल काढल्यावर खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडतात तेव्हा असा आवाज येतो. तिला हे काम करताना गुणगुणायची सवय होती. गुणगुणणं मात्र ऐकू आलं नाही. कुणीतरी मुद्दाम गप्प राहून काम करत होतं, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून.

मांजर असेल, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. मांजर शेवाळ पिळत नाही, असं त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. उठून बघावं म्हणून त्यांनी पाय खाली टाकायचा विचार केला, आणि त्या विचारातच त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. डाव्या पायाला घोट्याच्या वर गार लागत होतं, छान गार, तापात कपाळावर ओली घडी ठेवावी तसं. त्यांनी पांघरूण दूर केलं.

घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली, निळ्या फुलांच्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. वरची गाठ घट्ट होती आणि खालची जराशी सैल.

६

"बघू," शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या. त्या कुंपणाच्या भिंतीवरून वाकल्या होत्या आणि मास्तर नको नको म्हणत असतानाही फाटकातून आत आल्या. नोकरी सुटली तरी त्यांचा वॉर्ड सुटला नव्हता. गल्लीतला कुठलाही लंगडणारा माणूस त्यांच्या ताब्यातला. "मुरगळलाय का? मोरीत पडलात तोच पाय हा."

"असेल," मास्तर म्हणाले. हे बरं होतं, मुरगळलेला पाय. "तुम्हीच नाही ना बांधलात?"

"मी? मी बांधलं असतं तर हातात बिलही दिलं असतं." त्या हसल्या आणि खाली वाकून बघायला लागल्या. "पण बांधलंय झकास. माझ्या हाताखालच्या पोरींना बांधून बांधून शिकवलं, एकीला असं जमलं नाही. डावऱ्या माणसाचं काम दिसतंय." मग त्यांनी नाक आक्रसलं. "वास कसला येतोय हो? हिरवा?"

"अंजिराचा चीक."

"चीक लावलाय पायाला? वेडे आहात का? फोड येतील. थांबा, सोडते."

"नको!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की बाई दचकून सरळ झाल्या. मास्तरांनाही स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. "ठकी येणार आहे," ते हळू म्हणाले. "ती बघेल."

बाईंनी पट्टीकडे नेलेला हात मागे घेतला. "मास्तर, तुम्ही लेकीकडे जा खरंच," त्या म्हणाल्या. "एकट्याने राहण्याचं वय नाही हे. आणि आम्हाला अंजिरं पाठवत जा म्हणजे झालं."

७

पण स्वभावाला औषध नाही. त्याच संध्याकाळी मास्तर खिडकीशी, उरल्यासुरल्या उजेडात, सुईने पट्टीची कड उचलून बघत होते.

आधी शेवाळ दिसलं, ओलं, गच्च बसवलेलं. त्यांनी सुईच्या टोकाने ते किंचित बाजूला केलं. आत अंगठ्याच्या रुंदीची जागा होती, पायाभोवती फिरत गेलेली, फिकट आणि स्वच्छ. रक्त नव्हतं, सूज नव्हती, दुखत तर मुळीच नव्हतं. वरच्या कडेला एक पांढरा थेंब जमला होता. त्याच कडेतून एक दोरा बाहेर आला होता.

दोरा दिसला की शिंपी तो ओढतोच. मास्तरांनी तो चिमटीत धरला आणि हलकेच ओढला.

कळ पायातून निघून मांडीत, पोटात, थेट घशापर्यंत गेली. दोरा सुटा नव्हता. तो आतून आलेला होता, आणि चिमटीत तो जरासा हलला, अंग चोरून घ्यावं तसा.

मास्तरांनी शेवाळ बसवलं, कापड सारखं केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज इतका नेहमीचा होता की त्यांना त्याचा आधार वाटला.

मग त्यांना पहिला नियम आठवला. खड्डा आधी, गुटी मग. गुटी बांधणारीने हा नियम कधी मोडलेला नव्हता. गल्लीत कुणी गुटी मागितली तर आधी त्यांच्या घरी जाऊन खड्डा बघून यायची, तेव्हा कुठे फांदी निवडायची. म्हणजे आपल्या पायाला हे बांधलं गेलं त्याआधी कुठेतरी खड्डा झालेला आहे.

हरवलेली सुई शोधावी तसा खड्डा शोधत ते अंगणभर फिरले. झाडाच्या बुंध्याशी विटा जशाच्या तशा होत्या. टाकीमागे, मोरीच्या कडेला, कुंपणाशी, कुठेच माती हललेली नव्हती. कुदळ कोपऱ्यात होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं. खड्डा दिसला असता तर त्यांनी त्यात डोकावून तरी बघितलं असतं, खोली किती, रुंदी किती, शिंप्याच्या नजरेने माप घेतलं असतं. तो नव्हता. माप माहीत असलेलं कुणीतरी तो दुसरीकडे खणून मोकळं झालं होतं.

"अगं, कुठे न्यायचंय मला?" त्यांनी झाडाला विचारलं. झाडाने एक पान टाकलं. उन्हाळ्यात झाडं पानं टाकतातच.

८

ठकी आली ती रिकामी कुंडी घेऊनच. बापाचा शब्द म्हणजे काय चीज आहे हे तिला माहीत होतं.

"गुटी झाली की नाही?"

"झाली असेल."

"असेल म्हणजे? उघडून नाही बघितलीस? तू?" तिने बापाच्या कपाळाला हात लावून बघितलं.

तिने फांदी खालून कापली, कापड आणि प्लास्टिक सोडलं, आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. शेवाळ दिसतच नव्हतं इतकी मुळं होती, पांढरी, भरगच्च, एकमेकांत विणलेली. "बाबा, ही तू बांधलीस? आईसुद्धा अशी बांधत नव्हती." तिचे डोळे भरून आले. मग तिने हसून, चीक डोळ्यांना लागू नये म्हणून, ते मनगटाने पुसले. ती आईची लकब होती, आणि मास्तरांना लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी घेतलंही. ती लहान होती तेव्हा तिच्या केसांना जो वास यायचा तोच अजून येत होता.

दोघांनी मिळून फांदी कुंडीत लावली. झाडावर काही अंजिरांनी माना टाकल्या होत्या. ती त्यांनी पिशव्या सोडून काढली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. ठकीच्या हनुवटीवर रस ओघळला. पुढच्या खोलीत बॅग भरून तयार होती, खिडक्या लावून झाल्या होत्या, गाडी थोड्याच वेळात येणार होती. मास्तर भिंतीशी खुर्ची टाकून बसले. भिंत पाठीला गरम लागत होती.

"बाबा, पायाला काय झालंय?"

मास्तरांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण ठकी खाली बसली होती.

"हे आईच्या झग्याचं कापड आहे ना? काय बांधून बसलायस? ओलं आहे हे. सडेल पाय."

"उघडायचं नाही ते."

"गप्प बस. आईसारखे नियम नको सांगूस. कात्री आणते, कापूनच टाकते." ती उठली. "आणि तू लहान मुलासारखा बघत नको बसूस, मग ओय ओय करतोस. डोळे मिट."

तिची पावलं आत गेली. मास्तरांनी डोळे मिटले. पापण्यांमागे ऊन लाल दिसत होतं. कुठेतरी पाखरू पानात खुसपुसलं आणि गप्प झालं.

मग ती परत आली. पायाशी बसली. गार, ओली बोटं घोट्याला लागली आणि पट्टीची खालची गाठ सोडायला लागली. कापत नव्हती, सोडत होती. बोटांची टोकं खरखरीत होती. चिकाने फुटलेली कातडी अशी लागते. तिने शेवाळ चाचपलं, बाजूने जरा दाबलं, आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं, आधीपेक्षा घट्ट. पट्टीचा फेर डावीकडून येत होता.

"ठके," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, सोडायला आलीस ना? बांधतेयस काय?"

"दम धरा की जरा, मास्तर."

आवाज गुडघ्याजवळून आला, हलका, हसू दाबलेला. ठकी उभ्या जन्मात त्यांना मास्तर म्हणाली नव्हती.

आणि त्याच क्षणी घरातून, पुढच्या खोलीतून, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. "बाबा!" ठकी तिथून ओरडत होती. "इथे आईचीच कात्री आहे, ती माझ्या हाताला चालत नाही! तुझी कुठे ठेवलीयस?"

पायाशी असलेली बोटं क्षणभरही थांबली नाहीत.

नुसते डोळे उघडायचे होते. जन्मभर मास्तरांनी तेच केलं होतं, झाकलेलं दिसलं की कड उचलायची, बघायचं, आणि बघून घालवायचं. त्यांच्या पापण्या थरथरल्या. छाती इतकी भरून आली होती की भीती कुठली आणि माया कुठली हे त्यांना वेगळं काढता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे आणखी आवळून घेतले.

"खड्डा केलायस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

गाठ पडली. उलट्या अंगाने, पक्की. मग एका ओल्या तळव्याने त्यांचा घोटा थोपटला, नवं झाड लावल्यावर माती थोपटतात तसा.

"आधीच," ती म्हणाली. "भिंतीला लागून आहे. दिवसभर ऊन असतं. दोघांना पुरेल."

आत ड्रॉवर आपटून बंद झाला आणि ठकीची पावलं मागच्या दाराकडे यायला लागली. मास्तरांनी डोळे न उघडता पाय थोडा पुढे सरकवला, तिला वरची गाठ बांधायला सोपं जावं म्हणून.